पडद्याच्या अलीकडे

यंदा कॉलेजनं पडदा लावला.
निळा, जाड, शहापूरच्या दुकानातून आणलेला,
मधोमध घडीची रेघ तशीच.
पलीकडे तीन परीक्षक, तीन पाण्याच्या बाटल्या.
अलीकडे गाणारा, तबल्यावर मुतगेकर,
आणि पेटीवर मी.

नावं नाहीत, फक्त नंबर.
तोंडातून बोलणं नाही, ना कन्नड ना मराठी.
पट्टी बोटानं दाखवायची.
गेल्या साली तक्रार गेली होती,
आडनाव ऐकून मार्क पडतात म्हणून.
दोन तक्रारी, दोन भाषांत,
एकमेकांच्या विरुद्ध.

आदल्या रात्री एका संचालकाचा फोन:
आमच्या भाच्याला जरा सांभाळा.
मी म्हटलं, पडदा आहे साहेब.
ते हसले. म्हणाले,
तुम्ही कुठल्या बाजूला बसता?

भाचा चौतिसावा होता.
त्याला मी अगदी नियमानं वाजवलं.
तो अंतऱ्यात घसरला, मी घसरू दिलं,
आणि दुपारच्या चपातीला
त्या दिवशी वेगळीच चव लागली.

जागा बारा. पोरं एकशे नऊ.
काळी एक, काळी पाच, परत काळी एक.
बंदिशी सगळ्या ब्रजातल्या.
खानापूरचा पोरगा ज्या शब्दाला अडखळतो
त्याच शब्दाला गोकाकची पोरगी.
त्या भाषेच्या घरी आम्ही सगळेच पाहुणे,
चप्पल कुठं काढायची ते विचारणारे.

मार्कांच्या कागदावर रकाने असतात:
स्वर, लय, आवाज, विस्तार.
पेटीचा रकाना नसतो.
गाणाऱ्याच्या अर्धा श्वास मागून जावं, अशी रीत.
अर्धा श्वास पुढं गेलात
तर स्वर त्याला आयता मिळतो.
पलीकडं काही कळत नाही.
मुतगेकरला कळतं,
पण तो खाली मान घालून गट्टे ठोकत असतो.

एकसष्ट नंबर.
वडगावची सुलक्षणा कामकर, सहा वर्षं माझ्याकडं.
बापानं हातमाग विकला,
आता दुसऱ्याच्या पॉवरलूमवर रात्रपाळी करतो.
एकदा फीच्या बदल्यात साडी आली होती, हिरवी,
बायको अजून ती सणालाच नेसते.
यमन. निषादावर
हिचा आवाज केसभर खाली राहतो.
केसभरच.
मला ती जागा पाठ होती.
माझं बोट तिच्या आधी पोचलं.

बासष्ट नंबर.
बैलहोंगलची, नाव नंतर कळलं, नागरत्ना हडपद.
आवाज मोठा, तेलपाणी न लागलेला.
द्रुतात एकदाच तिनं माझ्याकडं बघितलं,
रस्ता ओलांडताना पोरं
शेजारच्या अनोळखी माणसाकडं बघतात तसं.
मी रीतीनं वागलो.
अर्धा श्वास मागून.

शनिवारी यादी लागली.
बारावी सुलक्षणा.
प्रतीक्षेत पहिली नागरत्ना.
फरक अर्ध्या मार्काचा.

संध्याकाळी सुलक्षणा आली, हातात कुंद्याचा डबा.
डबा पेटीवर ठेवला, पाया पडली नाही.
'सर, तो नी माझा नव्हता की ओ.'
मी म्हटलं, डबा उघड आधी.
तिनं तानपुरा घेतला.
निषाद लावला. केसभर खाली.
परत लावला. परत खाली.
गल्लीत कुणीतरी गाडीला किक मारत होतं,
तीही लागत नव्हती.
मी भात्याला हात लावला नाही.
सोमवारी फी भरायची शेवटची तारीख,
हे दोघांनाही माहीत होतं
आणि दोघंही बोललो नाही.

विसाव्या, तिसाव्या वेळेला कधीतरी
तो लागला,
की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.
खाली बघितलं तर
बंद पेटीच्या झाकणावर
माझं बोट
तिच्या आधीच जाऊन बसलेलं.